पानिपतावर डिपॉझिट गुल

मतमोजणीच्या दिवशी राजगुरुनगरात साधारण अकराव्या फेरीला इतिहास सुरू होतो. तोपर्यंत सगळे भूगोलावर चाललेले असते. "वाड्याकडची पेटी अजून फुटायचीय", "चाकण बाकी आहे", "आळंदीत आपण मागे राहणार हे धरूनच चाललोय", असा अख्खा तालुका गावागावाने, वाडीवस्तीने मांडून होतो. मतदान यंत्रे येऊन इतकी वर्षे झाली तरी पेट्या फुटायच्या थांबलेल्या नाहीत. अकराव्या फेरीनंतर मात्र उरलेल्या गावांतली झाडून सगळी मते, त्यांत गोठ्यातल्या म्हशींचीही धरली, तरी फरक भरून निघत नाही हे ध्यानात येते, आणि एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर कोणीतरी चहाचा ग्लास खाली ठेवून निकाल जाहीर करतो.

"पानिपत झालं राव."

"कुणाचं?"

"भाऊंचं."

"मग अब्दाली कोण? अण्णा?"

यावर टपरीवर शांतता पसरते. अण्णांना अब्दाली म्हणणे परवडण्यासारखे नसते, कारण अण्णा आता आमदार झालेले असतात. मग पानिपत तसेच, अब्दालीवाचून, पुढे चालवावे लागते.

दुपारपर्यंत हे प्रकरण तोंडातून बोटात उतरते. तासाभरात एकच पराभूत उमेदवार नेपोलियन, रावण, टायटॅनिकचा कप्तान आणि भुईसपाट पैलवान अशा चार अवतारांत गावच्या, भावकीच्या, सोसायटीच्या आणि शाळासोबत्यांच्या गटांवर येऊन जातो. चारही गटांवर चारही चित्रे येतात, म्हणजे सोळा. शिवाय ती उशिरा उठलेले लोक संध्याकाळी नव्याने पाठवतात. कमळ कोमेजलेले, घड्याळाचे काटे गळालेले, पंजाला प्लास्टर, धनुष्याची दोरी तुटलेली, मशालीवर पाण्याची बादली, इंजिन रुळावरून घसरलेले. निवडणूक आयोग चिन्हे वाटताना व्यंगचित्रकारांची सोय बघत असावा, एवढी ती मोडायला सोपी असतात.

या सगळ्या उद्योगामागे एक समजूत आहे. इतिहासातला एखादा पराभव उचलून हरलेल्याच्या डोक्यात हाणला की त्याची फजिती होते, असे आपण धरून चालतो. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. अशी उपमा देऊन आपण त्या माणसाची फजिती करत नाही, त्याला बढती देतो. पानिपतच घ्या. 14 जानेवारी 1761 रोजी तिथे उपाशी फौज एका दिवसात कापली गेली. विश्वासराव गेले, सदाशिवरावभाऊ गेले, घरटी माणूस गेला असे महाराष्ट्र पुढे पिढ्यान् पिढ्या सांगत राहिला. जिंकलेल्या अब्दालीलाही हिंदुस्थानात बस्तान न बसवताच घरची वाट धरावी लागली, आणि 1771 साली मराठे पुन्हा दिल्लीत होते. आता आपल्या भाऊंचे पाहू. सदाशिवरावांशी त्यांचे साम्य 'भाऊ' या दोन अक्षरांपाशी संपते. त्यांची फौज उपाशी नव्हती. उलट शेवटच्या पंधरा दिवसांत ती इतकी जेवली की त्या काळात गावात कोंबडी मिळेना. भाऊंचे स्वतःचे नुकसान म्हणाल तर अनामत रक्कम. ती विधानसभेला 10 हजार रुपये आणि लोकसभेला 25 हजार. पडलेल्या वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते मिळाली नाहीत तर ती जप्त होते. दहा हजारांच्या पावतीवर पानिपत मिळत असेल तर ते कोण सोडेल? पराभूत उमेदवार त्या रात्री हे चित्र पाहतो, त्यात तो हत्तीवर बसलेला असतो, मागे धूळ, भगवे झेंडे, तलवारी. आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटू लागते की आपण लढलो ते भलतेच मोठे काहीतरी होते. सकाळपर्यंत त्याला वाटत होते की आपण पाणीयोजनेच्या मुद्द्यावर पडलो.

वॉटर्लूचे तर विचारूच नका. 18 जून 1815 ला नेपोलियन हरला आणि त्याला अटलांटिकच्या मध्यात सेंट हेलेना नावाच्या खडकावर नेऊन ठेवले. तिथेच तो 1821 साली मेला. आपल्याकडचा नेपोलियन दुसऱ्या दिवशी दुपारी चाकणच्या मंगल कार्यालयात अक्षता टाकायला हजर असतो, पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसतो आणि त्याचे नाव माइकवरून विजयी उमेदवाराच्या आधी पुकारले जाते, कारण निवेदकाकडची यादी गेल्या लग्नसराईतली असते. वर्ष-दीड वर्षात त्याला एखादे महामंडळ मिळते. सेंट हेलेनाला महामंडळ नव्हते. असते तर नेपोलियन पन्नास-बावन्नाव्या वर्षी खचून गेला नसता. आणि वॉटर्लू जिंकलेल्या वेलिंग्टनचे काय झाले? तो पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला, मतदानाच्या सुधारणांना विरोध करून बसला आणि 1831 साली लंडनच्या जमावाने त्याच्या घराच्या काचा फोडल्या. त्याला खिडक्यांना लोखंडी झडपा बसवून घ्याव्या लागल्या. नेपोलियनचे अवशेष मात्र 1840 साली थाटामाटाने पॅरिसला आणले गेले. तेव्हा एखाद्याला "तुझं वॉटर्लू झालं" म्हणून चिडवताना, आपण त्याला भव्य समाधी देऊन निवडून आलेल्याच्या घरावर दगड टाकायची सोय करून ठेवतो आहोत, याचे भान असावे.

चित्रांची तऱ्हा आणखी वेगळी. पूर्वी गावात कोणाची टवाळी करायची तर निदान हाताने काढावी लागे. चेहरा जमला नाही तर खाली नाव लिहीत. आता नेपोलियनच्या धडावर भाऊंचे डोके चिकटवायचे, आणि ते डोके कुठून घ्यायचे? भाऊंच्याच वाढदिवसाच्या फ्लेक्सवरून, कारण भाऊंचा दुसरा फोटो कोणाकडे नसतो. फ्लेक्सवर भाऊ गॉगल लावून, कपाळाला गंध लावून, गालात हसत असतात. त्यामुळे वॉटर्लूच्या चिखलात, मेलेल्या घोड्यांच्या मध्ये, फ्रान्सचा सम्राट गॉगल लावून प्रसन्न हसतो आहे असे ते व्यंगचित्र होते. ज्यांना डोके चिकटवण्याचाही कंटाळा, ते हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेला काम सांगतात. तिला "पराभूत, खचलेला सरदार दाखव" असे सांगावे, तर ती भाऊंचे पोट आत घालते, खांदे रुंद करते, दाढी भरदार करते, मावळतीचा प्रकाश टाकते आणि डोळ्यांत असा काही करारीपणा आणते की त्या चित्राकडे पाहून पुन्हा मतदान घ्यावेसे वाटावे. ते चित्र भाऊंच्या कट्टर विरोधकाने टवाळीसाठी बनवलेले असते, आणि आठवड्याभरात तेच भाऊंच्या कार्यकर्त्यांच्या मोबाइलवर स्टेटसला असते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की बाबा रे, हे नुसते बोलण्याचे संकेत आहेत. पानिपत म्हणताना कोणी अब्दालीचा वंश शोधत बसत नाही. मान्य. पण मग आपले राजकारणी तरी ते संकेत म्हणून सोडून देतात का? 2014 च्या विधानसभा प्रचारात युती तुटलेली होती आणि उद्धव ठाकरे यांनी महाराष्ट्रात प्रचाराला उतरलेल्या भाजपच्या नेत्यांना अफझलखानाची फौज म्हटले होते. ऑक्टोबरात निकाल लागला, भाजपचे सरकार आले आणि डिसेंबरात शिवसेना त्याच सरकारात सामील झाली. प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेल्या भेटीत कोथळा बाहेर आला होता. या भेटीतून खाती बाहेर आली. इतिहासाची उपमा मंत्रिमंडळाच्या पहिल्या विस्ताराच्या पुढे टिकत नाही असा जो अनुभव आहे तो इथून. सूर्याजी पिसाळाचेही तेच. 1689 साली रायगड पडला तेव्हा फितुरी केल्याचा आळ ज्याच्यावर आहे तो हा वाईचा गृहस्थ मराठी राजकारणात तीनशे वर्षे नोकरीला होता. कोणी पक्ष बदलला की त्याला बोलवायचे. जून 2022 मध्ये शिवसेना फुटली, जुलै 2023 मध्ये राष्ट्रवादी फुटली, आणि त्यानंतर सूर्याजीवर कामाचा एवढा ताण आला की प्रत्येक व्यासपीठावरून प्रत्येक दुसऱ्या व्यासपीठाला तोच दाखवला जाऊ लागला. हरलेल्याला फितूर म्हणावे तर तो आधीच्या फुटीत एकनिष्ठ होता, एकनिष्ठ म्हणावे तर त्याआधी तो तिसऱ्याच पक्षात होता. व्यंगचित्रकाराने कोणावर पाटी लावावी? सगळ्यांवर लावली तर ते व्यंगचित्र राहत नाही, ग्रुप फोटो होतो.

आमच्या शिरूर लोकसभा मतदारसंघात तर ऐतिहासिक टोमण्याची फारच पंचाईत आहे. एका टोकाला जुन्नरला शिवनेरी, दुसऱ्या टोकाला वढू बुद्रुकला संभाजीराजांची समाधी, म्हणजे आरंभ आणि अंत दोन्ही याच मतदारयादीत. त्यात 2019 साली अशी लढत लागली की एका बाजूला शिवाजीराव आढळराव पाटील, 2004 पासून सलग तीनदा खासदार, पक्ष शिवसेना. आणि समोर डॉ. अमोल कोल्हे, ज्यांनी दूरचित्रवाणीवर आधी शिवाजी महाराजांची आणि त्या वेळी घरोघर रोज रात्री संभाजी महाराजांची भूमिका चालवलेली. आता अशा लढतीत पडलेल्या बाजूने काय म्हणायचे? आमचे पानिपत झाले म्हणावे तर समोर अब्दाली म्हणून कोणाला उभे करता? लोक मालिका बघून डोळे पुसत होते. कोणतीही उपमा काढा, ती आपोआप समोरच्याच्या खात्यात जमा होई. आढळराव तेव्हा सुमारे 58 हजार मतांनी पडले. 2024 ला ते अजित पवारांच्या राष्ट्रवादीतून, म्हणजे पाच वर्षांपूर्वी ज्या घड्याळाविरुद्ध लढले त्याच घड्याळावर उभे राहिले आणि सुमारे 1 लाख 40 हजारांनी पडले. मधल्या काळात ऐतिहासिक टोमण्याऐवजी अगदी स्थानिक टोमणा चालून पाहिला गेला होता. बैलगाडा शर्यती सुरू झाल्या तर बारीपुढे घोडीवर बसेन म्हणणारे खासदार कुठे आहेत, अशी चेष्टा सुरू झाली, आणि फेब्रुवारी 2022 मध्ये निमगाव दावडीच्या घाटात खासदार कोल्हे खरोखरच घोडीवर बसून बारीपुढे दौडले. त्या पदावर घोडदौडीचा रीतसर सराव असलेला माणूस बसला आहे, हे चेष्टा करणाऱ्यांच्या लक्षात राहिले नव्हते.

आणि ज्यांना उपमा द्यायचीच आहे त्यांना आपल्याच तालुक्यातल्या दगडाला ठेच लागायला हवी. चाकणच्या संग्रामदुर्गाला 1660 च्या पावसाळ्यात शायिस्तेखानाने वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा, हाताशी तीन-साडेतीनशे माणसे. तो पन्नासहून अधिक दिवस लढला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला आणि किल्ला गेला. आकड्यांत हिशेब मांडला तर फिरंगोजी हरला, खान जिंकला. खानाने त्याला चाकरीत येण्याचे आमंत्रणही दिले, आजच्या भाषेत प्रवेशाचा कार्यक्रम ठरवला, पण तो गेला नाही. तीन वर्षांनी लाल महालात जिंकलेल्या खानाची बोटे तुटली. आज चाकणात मुलाला शायिस्तेखान म्हटले तर मारामारी होते, आणि फिरंगोजी म्हटले तर बाप पेढे वाटतो. राजगुरुनगरचे नाव तरी कोणाचे आहे? लाहोरच्या न्यायासनाने शिक्षा सुनावल्यावर 1931 साली ज्यांना फाशी दिले गेले त्या शिवराम हरी राजगुरूंचे. शिक्षा सुनावणाऱ्यांच्या नावाची एखादी गल्लीही इथे नाही. थोडक्यात, ज्या मातीत लढून हरलेल्याचे पोवाडे होतात आणि जिंकलेल्याची बोटे मोजली जातात, तिथे हरलेल्या उमेदवाराला हिणवायला इतिहास वापरणे म्हणजे सावकाराला शिक्षा म्हणून कर्ज फेडणे.

आता दुसरा आणि वजनदार आक्षेप. व्यंगचित्राने भले भले लोळले आहेत, त्याची ताकद तुम्ही नाकारता काय? मुळीच नाही. उलट पुरावा फारच भक्कम आहे, फक्त तो आक्षेप घेणाऱ्याच्या विरुद्ध जातो. नेपोलियन बुटका होता असे आज जग मानते ते लंडनच्या जेम्स गिलरेमुळे. नेपोलियनची उंची त्या काळच्या फ्रेंच माणसाच्या मानाने ठीकठाक होती. गिलरेने त्याला आदळआपट करणारे बोटभर पोर करून टाकले आणि दोनशे वर्षे झाली तरी तो वाढलेला नाही. पण गिलरेने हे केले केव्हा? नेपोलियन युरोप तुडवत होता तेव्हा. गिलरे 1 जून 1815 ला वारला, म्हणजे वॉटर्लूच्या सतरा दिवस आधी. हरलेला नेपोलियन त्याच्या हाती लागलाच नाही, आणि त्यावाचून त्याचे काही अडले नाही. न्यूयॉर्कचा महापालिका-सम्राट ट्वीड याला टॉमस नास्टने 1871 मध्ये चित्रांनी रडवले ते तो गादीवर असताना. पुढे ट्वीड कैदेतून पळून स्पेनला गेला तर तिथल्या लोकांनी त्याला नास्टच्या चित्रावरून ओळखून पकडले. (आपल्याकडच्या चित्रावरून पकडायचे म्हटले तर गॉगल लावलेला नेपोलियन शोधावा लागेल.) डेव्हिड लोने हिटलरला चिमटे काढले ते 1930 च्या दशकात, तेही असे की जर्मन सरकारने ब्रिटिश सरकारकडे कुरकूर केली. त्याच लोचे चाहते असलेल्या बाळासाहेब ठाकरे यांनी 13 ऑगस्ट 1960 रोजी 'मार्मिक' सुरू केले, उद्घाटनाला मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण आले आणि पुढे त्यांनाही 'मार्मिक'च्या चित्रांत जागा मिळाली. नेहरूंनी तर व्यंगचित्रकार शंकर यांना, मलाही सोडू नका, असे आपण होऊन सांगितले होते. तेव्हा नेहरू पंतप्रधान होते, पडलेले उमेदवार नव्हते. आणि एवढे लांब जायचे नसेल तर याच पुणे-नाशिक महामार्गाने नारायणगावला जावे. तमाशाच्या वगातला सोंगाड्या राजाची रेवडी उडवतो ती राजा सिंहासनावर बसलेला असताना, त्याच्या तोंडावर, पोट जाळायला त्याच्याच पदरी चाकरी करत असताना. राजा पडून दुसरा बसेपर्यंत विंगेत थांबणारा सोंगाड्या अजून कोणत्या फडाने पाहिलेला नाही.

आपला सोंगाड्या विंगेतच असतो. सकाळी आठपर्यंत त्याच्या मोबाइलवर "भाऊ, यंदा तुम्हीच" असते. अकराव्या फेरीला ते पुसले जाते आणि त्या जागी नेपोलियन येतो. तोच फ्लेक्सवाला, ज्याने 'भावी आमदार' छापले, तो 'विजयी आमदार' छापायला घेतो. आकार तोच, फोटो तेवढा बदलायचा. हातात पद असलेल्या माणसाचे चित्र काढायला आपल्याला वेळ होत नाही, कारण त्याच्याकडे शिफारसपत्राचे काम असते, पुतण्याला एमआयडीसीत चिकटवायचे असते, वाड्यावस्तीचा रस्ता व्हायचा असतो. पदावरून उतरलेल्याकडे काही काम उरत नाही, म्हणून आपली विनोदबुद्धी मोकळी होते. आम्हा लेख लिहिणाऱ्यांचेही वेगळे नाही. हा लेखसुद्धा निकाल लागून गेल्यावर लिहिला जातो आहे आणि त्यात एकाही विद्यमान आमदाराचे नाव थट्टेसाठी आलेले नाही, हे चाणाक्ष वाचकाने टिपले असेलच.

तरी, तिसरा आक्षेप येईल, हसायचेच नाही का? हरलेल्याला हसणे हा शिमग्याइतका जुना हक्क आहे. जरूर हसावे. फक्त आमच्या खेड-आळंदी विधानसभा मतदारसंघात हसणाऱ्याने आपली चित्रे जपून ठेवावीत, ती पाच वर्षांनी उलट बाजूला लागतात. 2014 ला विद्यमान आमदार दिलीप मोहिते पडले, सुरेश गोरे आले. 2019 ला विद्यमान आमदार गोरे पडले, मोहिते परत आले. 2024 ला विद्यमान आमदार मोहिते पुन्हा पडले, बाबाजी काळे आले. ओळीने तीनदा बसलेला माणूस पडला आहे. इतक्या नेमाने पानिपत होणारा प्रदेश जगाच्या नकाशावर दुसरा सापडणार नाही. राज्याच्या पातळीवर याहून मोठी फजिती झाली. देवेंद्र फडणवीस यांच्या 'मी पुन्हा येईन' या घोषणेवर 2019 नंतर जेवढे विनोद, चित्रे आणि नकला झाल्या तेवढ्या मराठीत क्वचितच कोणाच्या वाट्याला आल्या असतील. त्या नोव्हेंबरात ते आलेही, तीन दिवसांसाठी, त्यामुळे विनोदाला आणखी बहर आला. मग 2022 मध्ये ते उपमुख्यमंत्री म्हणून आले आणि 5 डिसेंबर 2024 ला मुख्यमंत्री म्हणून. आता ती जुनी चित्रे पुन्हा काढून पाहिली तर ती टवाळी वाटत नाही, जाहीरनाम्यातले पूर्ण झालेले एकमेव आश्वासन वाटते.

एवढे सगळे होऊनही ज्याला इतिहासातूनच उपमा हवी असेल, त्याच्यासाठी ती राजगुरुनगरातच, भीमेच्या काठी पडून आहे आणि तिला कोणी हात लावत नाही. 12 ऑक्टोबर 1707. गाव तेव्हाचे खेड. मोगलांच्या कैदेतून सुटून आलेले शाहू महाराज एका बाजूला आणि ताराबाईंचे सैन्य दुसऱ्या बाजूला. ताराबाईंच्या पक्षाचे म्हणणे असे की हा शाहू खरा नव्हेच, तोतया आहे; खरी गादी आमच्याकडे. म्हणजे मूळ पक्ष कोणाचा हा वाद तेव्हाच सुरू झालेला होता. ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव लढायला आले खरे, पण मधल्या मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मार्फत बोलणी झाली, शाहू खरेच असल्याची धनाजींची खात्री पटली आणि ऐन लढाईच्या प्रसंगी ते फौजेसह शाहूंना जाऊन मिळाले. रिसॉर्टचा खर्चसुद्धा आला नाही. परशुरामपंत प्रतिनिधी तेवढे ताराबाईंच्या बाजूने लढले आणि हरले, पुढे कैदेत पडले, आणि त्यानंतर काही वर्षांनी त्याच शाहूंच्या दरबारात पुन्हा प्रतिनिधी झाले. धनाजींचे सेनापतिपद इकडे आल्यावरही कायम राहिले. हरलेल्या ताराबाईंनी कोल्हापूरकडे वेगळी गादी उभी केली, आणि स्वतः 1761 च्या डिसेंबरापर्यंत जगून ज्यांनी त्यांना हरवले त्या बहुतेकांना, शिवाय पानिपतालाही, मागे टाकून गेल्या.

पानिपतापेक्षा ही लढाई आपल्या निवडणुकांना शंभर पटींनी लागू पडते. तरीही आजवर कोणी "भाऊंचं खेड झालं" म्हटल्याचे कानावर नाही. कोणी म्हणेल, लोकांना माहीत नाही म्हणून. पण ज्या गावात बैलाच्या सात पिढ्या तोंडपाठ असतात तिथे एक लढाई माहीत करून घ्यायला किती वेळ लागेल? अडचण चित्र काढण्याची आहे. पानिपताच्या चित्रात हरलेला एकटा दाखवला की भागते, बाकी सगळे चौकटीबाहेर उभे राहून हसतात. खेडच्या लढाईचे चित्र काढायचे तर चौकटीत सगळेच लागतात: जिंकलेला, हरलेला, रात्रीतून बाजू बदललेला, हरून कैदेत गेलेला आणि कैदेतून थेट पदावर आलेला, आणि मागे ती फौज, जी सकाळी एका झेंड्याखाली ओरडत होती आणि दुपारी दुसऱ्या. तिच्यातला प्रत्येक चेहरा कुणाचा काढायचा हे ठरवायला व्यंगचित्रकाराला टपरीपासून फार लांब जावे लागणार नाही. आणि चित्राखाली निकाल काय लिहायचा हाही प्रश्न आहेच, कारण खरी गादी कोणाची हा तंटा त्या दिवशी मिटला नाही. सातारा आणि कोल्हापूर यांच्यात वारणेचा तह व्हायला 1731 साल उजाडले, म्हणजे तब्बल चोवीस वर्षे. शिवसेनेचे नाव आणि धनुष्यबाण कोणाचे, हे निवडणूक आयोगाने जून 2022 च्या फुटीनंतर फेब्रुवारी 2023 मध्ये सांगून टाकले. त्या मानाने आयोग चांगलाच चपळ म्हणायचा.